हवेतलं पाणी

त्या वर्षातला एक आवाज अजून कानात आहे. सुईच्या नेढ्याएवढ्या पितळी छिद्रातून अखंड सुटणाऱ्या हवेचा, दातांमधून सोडलेल्या श्वासासारखा. आणि त्याच्याभोवती मळीचा आंबूस, गोडसर वास. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता; कचेऱ्यांच्या पाट्यांवरचा रंग ओला होता आणि विहिरी कोरड्या. निलंग्याच्या रस्त्यावरच्या एका साखर कारखान्यात मी उपकरण-दुरुस्तीच्या कामावर लागले होते, अजून कायम झाले नव्हते. त्या खात्यात बाई मी एकटीच.

बॉयलरमधलं पाणी पातळीवर राखण्याचं काम तिथे हवा करत असे. पातळी ढळली की एक पातळ पट्टी त्या छिद्राजवळ सरके किंवा दूर होई, हवेचा दाब बदले, आणि त्या दाबावर पाण्याचा व्हॉल्व्ह उघडे, मिटे. त्या हंगामात तो पिसाटला होता. कधी एकदम उघडे, कधी हलेच ना. दोनदा बॉयलर बंद ठेवावा लागला. मुख्य अभियंत्यांनी माझ्या डब्याच्या पिशवीत कवितेचं पुस्तक पाहिलं होतं.

"आठ दिवस देतो, बाई," ते म्हणाले. "तोवर व्हॉल्व्ह सुधारला नाही तर टाइम ऑफिसात बसून हजेऱ्या लिहा. यंत्राला कविता ऐकवून भागत नाही."

रोज सकाळी मी बारीक तारेनं ते छिद्र मोकळं करी. दुसऱ्या सकाळी ते चिकट तेलानं पुन्हा बुजलेलं असे. चौथ्या दिवशी हात टेकून छिद्राकडे हवा नेणाऱ्या तांब्याच्या नळीचा सर्वांत खालचा सांधा सोडला. तळहातावर पाणी पडलं. गार, तेलकट, ओंजळभर. गावातल्या नळांना आठ-आठ दिवस थेंब नव्हता, आणि इथे हवेच्या नळीत पाणी साचलं होतं.

नळीमागे चालत कॉम्प्रेसरच्या खोलीत गेले. तिथल्या म्हाताऱ्या ऑपरेटरना सगळे चाचा म्हणत. दाबून तापलेली हवा कूलरमध्ये पाण्यानं थंड केली की तिच्यातली वाफ तिथेच गळून पडते आणि पुढे कोरडी हवा जाते. चाचांनी कूलरचं पाणी जवळजवळ बंद केलं होतं, म्हणून ती वाफ पुढे माझ्या नळीत जाऊन गार होत होती. विहिरीच्या त्याच पाइपाला जोडलेली रबरी नळी खिडकीतून बाहेर गेली होती; बाहेर ऊसतोडीवरच्या बाया घागरी घेऊन ओळीनं बसल्या होत्या.

"चाचा, हे काय?"

"दिसून राहिलं की. पाणी हाय."

"मग कूलरमधून आलेलं द्या त्यांना."

"त्याला तेलाचा वास हाय, बेटी. तू पिशील? हवेचे लई लाड नको करू. जरा गरम गेली तर तिला काय ताप येतो?"

बाहेरून एक बाई ओरडली, "ओ चाचा, गप्पा मंग हाणा, धार बारीक झाली!"

तक्रार लिहिली असती तर माझी नोकरी त्याच दिवशी पक्की झाली असती. मी लिहिली नाही. यात थोरपणा नव्हता. त्या ओळीसमोर उभं राहून रबरी नळी काढून घेण्याचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. त्याऐवजी दर दोन तासांनी बॉयलरचा लोखंडी जिना चढून तांब्याच्या नळीतलं पाणी हातानं काढत राहिले. माझी पाळी संपली की चाचा काढत. गुडघे भरून येत, बाहीचा तेलकट वास घरीही जात नसे.

आठव्या दिवशी अभियंते आले. बॉयलरची पातळी नोंदणाऱ्या गोल तक्त्यावरची शाईची रेघ दिवसभर सरळ होती. त्यांनी स्वतः सांधा सोडला, बोटांवर पाणी घेतलं, हुंगलं.

"कुठून येतं हे?"

"हवेतून," मी म्हणाले.

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. कॉम्प्रेसरच्या खोलीकडून घागरी डोक्यावर घेऊन दोघीतिघी खोपटांकडे चालल्या होत्या. मग बोटं रुमालाला पुसली, सांधा आवळला आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "राहा."