तामलवाडीच्या विहिरीतले दोन थर

राजेश्वरी बिराजदार यांच्याविषयी नळदुर्गात दोन गोष्टी सांगितल्या जातात. त्या दगडाला जीभ लावून बघतात, ही पहिली. किल्ल्यामागे त्यांना सोने सापडले होते आणि त्यांनी ते दडवले, ही दुसरी. पहिली गोष्ट खरी आहे. चिकणमातीचा खडक जिभेला चिकटतो, गारगोटी चिकटत नाही. रानात प्रयोगशाळा नसते, जीभ असते. दुसऱ्या गोष्टीला कसलाही आधार नाही. त्यांना सापडले ते शंख होते, आणि ते दडवणे तर दूरच, ज्याला त्याला बोलावून दाखवण्याची त्यांना खोड होती.

हे शंख गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे. या भागातला काळा पाषाण एका दमात थिजलेला नाही. लाव्हाचा एक लोट यायचा, थिजायचा. त्याच्या खोलगट भागांत पावसाचे पाणी साठून तळी व्हायची. तळ्यांत गोगलगायी, शिंपले नांदायचे. आणि मग केव्हातरी पुढचा लोट येऊन सगळ्यावर झाकण घालायचा. त्या तळ्यांचा गाळ आज काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये पांढऱ्या पट्टीसारखा दिसतो. नोकरीला लागल्यापासून राजेश्वरींनी ही पांढरी पट्टी शोधण्यापलीकडे फारसे काही केले नाही. महाविद्यालयात भूशास्त्र शिकवायचे आणि सुट्टी लागली की हातोडा, छिन्नी पिशवीत टाकून एसटीने भूमकडे किंवा परत आपल्या नळदुर्गाकडे निघायचे, हा क्रम.

त्यांचे मार्गदर्शक म्हणत, जिल्ह्यातल्या सगळ्या पांढऱ्या पट्ट्या एकाच तळ्याच्या. राजेश्वरींचे म्हणणे होते, दोन तळी, दोन वेगळ्या काळांतली. त्यांचा पुरावा म्हणजे दोन गोगलगायी. नळदुर्गच्या टणक गारगोटीत मिळे ती उंच, निमुळत्या शंखाची. तिला विद्यार्थी ‘लांबट’ म्हणत. भूमच्या मऊ थरात मिळे ती आखूड, फुगीर, ती ‘बुटकी’. लांबट आधीच्या तळ्यातली, बुटकी नंतरच्या. या खुणेवरून त्यांनी जिल्ह्याचा नकाशा रंगवला, आणि निवृत्तीच्या उंबऱ्यावर त्यावरचे पुस्तक छापायला दिले. पुस्तक तपासणाऱ्या तज्ज्ञांनी एकच शेरा मारून ते अडवले होते: दोन्ही थर एकाच जागी, एकावर एक, दाखवा.

अशी जागा त्यांना कधीच मिळाली नव्हती. मे महिन्यात फारुखचा फोन आला. फारुख यारीवाला, विहिरी खोदणाऱ्यांना यारी, म्हणजे दगडमातीची बादली खालीवर करणारे यंत्र, भाड्याने देणारा. पांढरे लागले की मला कळवायचे, असे राजेश्वरींनी त्याला सांगून ठेवले होते.

“म्याडम, तामलवाडीला पांढरं लागलंय. दोनदा.”

“दोनदा म्हणजे?”

“एकदा वर, मधी लई जाड काळा, अन् खाली परत. पर बिगीबिगी या. पाणी बी लागलंय.”

विहीर भागवत नावाच्या शेतकऱ्याची होती. राजेश्वरी पोचल्या तेव्हा खालची पांढरी पट्टी पाण्याच्या जेमतेम हातभर वर उरली होती. पाणी चढत होते. परवा पाणी पुजायचे, त्यानंतर मोटार लावून उपसा करायचा आणि लगोलग गवंड्यांनी कडेने काँक्रीट ओतायचे, असे ठरले होते. कारण पाणी लागून खालची कड आताच ढासळू लागली होती. म्हणजे जे काही पाहायचे ते आजच.

त्यांनी चपला काढल्या, पिशवी खांद्याला लावली आणि त्या यारीच्या बादलीकडे निघाल्या. तेवढ्यात भागवतची आई, कडूबाई, आडवी आली.

“बाई, हातोडा वर ठिवा.”

“मावशी, खडक फोडल्याशिवाय मला कळायचं कसं?”

“पाणी पुजल्याबिगर खडकाला लोखंड लावायचं न्हाय. लेक येणार हाय माजी भूमहून, परवा पुजतो. नव्या पाण्याजवळ घाव बसला की पाणी पळतंय.”

“आजी,” फारुख यारीवरून म्हणाला, “मग माझी बादली काय सागवानी हाय व्हय?”

“तुझी बादली लोंबकळती, तुझ्यावानी. टेकती कुठं?”

काठावरची माणसे हसली. भागवत ओशाळून म्हणाला, “म्याडम, आईपुढं माझं काय चालत न्हाय. तुमीच समजवा.”

राजेश्वरींनी समजावले नाही. श्रद्धेशी वाद घालण्यात उजेड मावळतो, हे त्यांना फार वर्षांपूर्वी उमगले होते. त्यांनी हातोडा, छिन्नी, चाकू काढून काठावर ठेवले. कडूबाईने ते मोजून बघितल्यासारखे बघितले, गोठ्यात गेली आणि एक टोकदार खुंटी घेऊन आली.

“ह्ये घ्या. बाभळीची हाय. ह्येला पाणी भीत न्हाय.”

बादली खाली गेली. वरची पट्टी मऊ होती. खुंटीने उकरताच बुटकीचे शंख हातात आले. पुढे नुसता काळा पाषाण, दोन परसांहून, म्हणजे दोन पुरुष उंचीहून, जास्त. मग खालची पट्टी: टणक गारगोटीचे पत्रे, त्यांच्या कडांवर लांबटच्या निमुळत्या कळ्या उघड्या. नळदुर्गला दिसत तशाच. राजेश्वरींनी बादलीची कड घट्ट धरली. तज्ज्ञांनी मागितले होते ते नेमके समोर होते. आधीचे तळे खाली, नंतरचे वर, मध्ये लाव्हाचा अख्खा लोट. छायाचित्रे काढून झाली. एक नमुना घेतला की काम संपले असते.

नमुना मात्र निघेना. हातोडा असता तर एका घावात पत्रा सुटला असता. लाकडी खुंटी गारगोटीवरून नुसती घसरत होती. म्हणून त्यांनी ती दोन पत्र्यांच्या मधल्या मऊ, करड्या सांध्यात घातली आणि हळूहळू माती कोरून पत्रा सोडवू लागल्या. असा सांधा नळदुर्गलाही असे. पण तिथे घाव बसला की त्याची भुकटी होऊन उडे, आणि गारगोटी तेवढी हाती राही. इतक्या वर्षांत त्या सांध्यात काय आहे हे त्यांनी पाहिलेच नव्हते. कारण पाहण्याआधी तो नाहीसा होत असे.

खुंटीच्या टोकाशी एक शंख अख्खा निघाला. आखूड, फुगीर. त्यांनी तो पाण्यात विसळला. मग आणखी उकरले. दुसरा, तिसरा. त्याच मातीचा गोळा त्यांनी पत्र्यासकट सोडवला: एका अंगाला गारगोटीत लांबट, दुसऱ्या अंगाला मातीत बुटकी. दोघी शेजारणी. एकाच तळ्यात, एकाच काळी. एक घट्ट तळाच्या भागात राहत असावी, दुसरी चिखलात. निदान आता तसा संशय घेणे भाग होते.

बादली वर आली तेव्हा फारुखने विचारले, “काय म्याडम, घावलं का?”

“घावलं.”

“मग त्वांड का असं?”

“जास्त घावलं.”

दुसऱ्या दिवशी त्या महाविद्यालयात गेल्या आणि नळदुर्गच्या नमुन्यांचे कपाट उघडले. एखाद्या दगडाला सांध्यातली जुनी माती चिकटलेली असेल, ही आशा होती. एकाही दगडाला नव्हती. सगळे नमुने ब्रशने घासून लख्ख केलेले, तेही त्यांच्याच सांगण्यावरून. नव्या विद्यार्थ्याला त्या पहिले काम तेच देत.

मग तो विचार आला. तो आला नसता तरच नवल. तज्ज्ञांची मागणी पूर्ण झाली होती. दोन थर एकावर एक आहेत, त्याची छायाचित्रे आहेत. खालच्या सांध्यातली बुटकी एकट्या राजेश्वरींनी पाहिली आहे, आणि उद्या त्यावर काँक्रीट पडणार आहे. मातीचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळलेला होता. तो पाण्यात टाकला असता तर संध्याकाळपर्यंत विरघळला असता. त्यांनी तो टाकला नाही, पण फडक्याची गाठही सोडली नाही.

पूजेच्या दिवशी त्या तामलवाडीला गेल्या. काठावर हळदकुंकू, नारळ, दहीभात. कडूबाईच्या लेकीने त्यांनाही कुंकू लावले. कडूबाई विहिरीत डोकावून म्हणाली, “बगा, पळालं का पाणी? ऐकलं म्हून ऱ्हायलं.” राजेश्वरी हसल्या.

मोटार सुरू झाली. भागवत त्यांच्याजवळ आला.

“म्याडम, गवंडी म्हणतोय, वरच्या पांढऱ्याला दोन हात पट्टी उघडी ठिवता येईल. खालचं सोडलं तर कडा बसल. वरचं सोडू का? तुमच्या पोरांना दावायला.”

मनापासून केलेली देणगी होती ती. पुढे कोणीही येऊन पाहील तेव्हा वर बुटकी दिसेल, नुसती बुटकी. आणि खालच्याविषयी राजेश्वरी लिहितील तेच प्रमाण राहील. पुस्तकाला याहून सोयीची विहीर मिळाली नसती.

“नको भागवत,” त्या म्हणाल्या. “अर्धं उघडं ठेवलं की माणसं अर्धंच खरं धरतात. ओता सगळीकडं.”

“नक्की?”

“नक्की.”

बांधावरच्या सावलीत बसून त्यांनी फडके सोडले. गोळ्याशेजारी मापासाठी नाणे ठेवून छायाचित्र काढले आणि प्रकाशकांना पाठवले. खाली लिहिले: पुस्तक थांबवा. तळी दोन होती, हे आता पाहिले आहे. पण कोणता थर कोणत्या तळ्याचा, हे या शंखांवरून सांगता येत नाही. नकाशा मागे घेते.

उत्तर लगेच आले. मग पुस्तकात उरले काय?

विहिरीत पहिले घमेले रिकामे झाल्याचा आवाज आला. काठावरून कोणीतरी गवंड्याला जेवायला हाक मारली, तो आला नाही. राजेश्वरींनी नकाशातली गावे एकेक करून लिहायला घेतली. नळदुर्ग: थर अनिश्चित, पुन्हा पाहणे. भूम: थर अनिश्चित, पुन्हा पाहणे. प्रत्येक गावापुढे तेच लिहिताना त्या एकाही ठिकाणी थांबल्या नाहीत. शेवटी तामलवाडी. तिथे मात्र लिहिले: दोन थर, एकावर एक. आता झाकलेले. नमुना माझ्याकडे आहे; मागेल त्याला दाखवीन.