लाल झाकणाची बाटली

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. परवापासून घास गिळवत नाही, स्वतःची किळस येते, एवढं मात्र खरं.

सेलूत माझं मेडिकल आहे. मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, जिनिंगमध्ये कापूस निवडायची. तंतू डोळ्यांत जायचे, डोळे लाल व्हायचे, खाजायचे. मी तिला लाल झाकणाचे थेंब दिले. दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र! "जादू हाय बग तुज्या हाताला," म्हणाली. जादू कसली डोंबलाची? स्टेरॉइड होतं त्यात. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय द्यायचं नसतं. दिलं तरी थोडे दिवस, तेही डोळ्यांतला दाब तपासत. खोक्यातल्या कागदावर तसं छापलेलंच असतं. तो कागद मी काढून ठेवायचो आणि नुसती बाटली द्यायचो — लोक उगीच घाबरतात म्हणून! मोठा शहाणा की नाही मी?

आमच्याकडे औषधाचं नाव कोण लक्षात ठेवतं? रिकामी बाटली दाखवायची, तसलीच न्यायची. मावशी ती पदराच्या गाठीत बांधून आणायची. चार वर्षं आणली. चार वर्षं मी दिली.

मग एकदा म्हणाली, दिव्याभोवती रंगीत कडं दिसायलंय, आन् बाजूनं आलेलं माणूस दिसंना. माझ्या तोंडातून काय निघालं? "मोतीबिंदू असंल मावशी, पिकू दे." पिकू दे! अहो, मोतीबिंदू पिकायची वाट आता कोण बघतं? दिसायला अडचण व्हायला लागली की भिंग बसवतात आणि त्याच दिवशी घरी पाठवतात. मला हे माहीत होतं. आणि हा मोतीबिंदू नसावा, हेही... माहीत होतं.

परभणीला नेलं तेव्हा उजवा डोळा गेलेला होता. काचबिंदू, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आतली नस सुकत जाते. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी थेंबांनी, लेझरनं, नाहीतर ऑपरेशननं सांभाळायची. डावा वाचवू, म्हणाल्या. मग विचारलं, "याआधी कुठले थेंब घालत होत्या?"

मावशीनं तोंड माझ्याकडे वळवलं. बाटली तिच्या पदरात होती — गाठ मला दिसत होती. आणि मी म्हणालो, "साधेच. गार वाटायला."

कशासाठी? परवाना जाईल म्हणून? बाजारात नाव जाईल म्हणून? थू अशा जिनगानीवर!

त्यानंतर मी तिला ते थेंब दिले नाहीत. का, ते सांगितलं नाही. सांगणार कसं? कंपनीनं बंद केले म्हणालो. डॉक्टरीणबाईंनी औषधं बदलून पाहिली, ऑपरेशनही केलं, तरी डाव्या डोळ्याचा दाब पुन्हा चढायचा. "दुसरं काही घालत नाहीत ना?" दर वेळी विचारायच्या. मावशीनं तोंड उघडायच्या आत मीच "नाही" म्हणायचो. मला तरी तसंच वाटत होतं. पण तिला मी विचारलं होतं का? नाही. यंदा डावाही गेला.

परवा तिच्याकडे गेलो. पावलांवरून ओळखलं तिनं मला. शेजारीण बसली होती, तिला सांगायला लागली, "माज्या भाच्यानं लय केलं बाई माजं. नशिबातच न्हवतं." मग चाचपत पदराची गाठ सोडली आणि माझ्या हातात बाटली ठेवली. लाल झाकण. नवी, नुकतीच संपलेली.

"तुला मिळंनात म्हणलास न्हवं? देवगाव फाट्यावर मिळत्यात. हिच्या हातनं आणवत होते, खाज लय मारायची. आता मला काय करायचीय? तू दुकानात ठिवत जा — दुसऱ्याचे तरी डोळे बरे व्हतील."

मी बाटली खिशात घातली. "ठेवतो," म्हणालो.