चांद्याच्या वळणांवर टाकलेल्या डहाळ्या

मुलगी दहावी पास झाली त्या वर्षी नर्सच्या शिक्षणासाठी तिला चांद्याहून बोलावणं आलं. कागदावर चंद्रपूर लिहिलं होतं, पण आमच्या सावली तालुक्यात तेव्हाही सगळे चांदाच म्हणत. धान कापणीला आलं होतं, म्हणून तिच्या बाबांना निघता येत नव्हतं. निदान ते तसं म्हणाले. बैलांपुढे तणस टाकता टाकता मला म्हणाले, "तूच जा. पोरीची हौस होऊन जाईन. पण हो म्हणून येऊ नोको."

वडशाकडचं एक स्थळ त्यांच्या मनात होतं. आणि मला का पाठवत होते तेही मला समजत होतं. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, हे साऱ्या गावाला माहीत.

दवाखान्याच्या आवारात मेट्रनबाईंनी मुलींना आत घेतलं आणि आम्हा घरच्यांना सांगितलं, "चारच्या आत इथे परत या. जिचं नाव निघेल तिच्या घरच्यांनी माझ्यासमोर 'ठेवतो' म्हणायचं. राहायला मुलगी पुढच्या महिन्यात आणा, पण आज माणूस हजर नसला तर पुढची मुलगी घेऊ. मग रडारड चालणार नाही."

बाकीचे लोक झाडाखाली डबे सोडून बसले. कुठलं गाव, किती एकर, पोरगी कितवी, असं एकमेकांना विचारू लागले. आता माझी पाळी येणार म्हणून मी बाजूला सरकले. तेवढ्यात मुलगी खिडकीशी आली. "माय, इथी बसून काय करशीन? चांदा पाहून ये."

एकटीने कुठे जायची मला सवय नव्हती. शेतात गेले तरी सोबत कोणीतरी असे. पण आमच्याकडे मोहाची फुलं वेचायला, तेंदूची पानं तोडायला बाया जंगलात जातात, तेव्हा वाट फुटते तिथे हिरवी डहाळी मोडून टाकतात. मागून येणारीला वाट कळते, आणि परतताना आपल्यालाही. मी आवारातल्या कडुलिंबाच्या डहाळ्या मोडून ओटीत घेतल्या आणि निघाले. रस्ता वळला की कडेला एक टाकायची.

चांद्याभोवती जुना दगडी परकोट आहे; त्याच्या जटपुरा गेटातून ट्रक जात होता, भिंतीला घासेल की काय असा. वर दगडात हत्तीवर चढलेला सिंह कोरला होता. तो पाहायला थांबले, तर मागून सायकलवाला ओरडला. पुढे कापडाची दुकानं, भांड्यांची दुकानं. एका दुकानाच्या आरशात स्वतःच दिसले, ओटी फुगलेली, डोक्यावर पदर. चालतच राहिले. गल्ल्यागल्ल्यांतून अंचलेश्वराच्या देवळापाशी पोचले. तिथे गोंड राजांच्या समाध्या आहेत. एक म्हातारा कोणाला तरी सांगत होता, "ही मोठी समाधी राणीनं बांधली, नवऱ्यासाठी." घुमटाकडे पाहून मनात आलं, एवढे दगड वाहायला लावताना तिला कोणाकोणापुढे बोलावं लागलं असेल. पण तिथेही पाय ठरेना. महाकालीच्या देवळाकडे लोक चालले होते. आमच्या घरी सासऱ्यांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून देऊळ सुटलं आहे, म्हणून बाहेरूनच वळले. सगळं पाहत होते आणि काहीच दिसत नव्हतं. हो म्हटलं तर घरी काय होईल? नाही म्हटलं तर परतीच्या गाडीत पोरीशेजारी कशी बसू?

परत निघाले, तर वळणावर डहाळी नाही. दुसऱ्या वळणावरही नाही. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत शिरले आणि एकदम परकोटाची भिंत पुढे आली. भिंतीला लागून घरं, आणि एका घराच्या पायरीवर एक मुसलमान म्हातारी विड्या वळत बसली होती. मी खाली वाकून शोधत होते, तशी ती म्हणाली, "काय शोधून राह्यली व बाई? पैसा पडला का?"

मी नाही अशी मान हलवली.

"तोंड नाई का तुले?"

"डहाळी," मी म्हणाले.

"लिंबाची? त्या तू टाकल्या काय?" तिने बाजूच्या बकरीच्या पाठीवर थाप मारली. "हिनं खाल्ल्या न! ही सारा मोहल्ला फिरून आली. मी म्हणून राह्यली, आज हिच्यासाठी जागोजागी दावत कोणं मांडली! उद्याही येजो व बाई."

शेजारची बाई पदर तोंडात धरून हसली. मला मात्र रडू यायला लागलं.

"अवं, रडते काऊन? कुठी जायाचं हाय?"

"दवाखान्यात."

"कोण बिमार हाय?"

"कोणी नाई. माझी पोरगी नर्स होणार हाय."

बोलून गेले आणि माझी मीच थांबले. हे मी ठरवलं नव्हतं.

"मंग पळ न! बकरीजवळ काय उभी राह्यली!" म्हातारी उठून गल्लीच्या टोकापर्यंत आली आणि हाताने दाखवलं, "भिंत सोडू नोको. गेट आलं का तिथून कोणालेही विचार."

मी विचारलं. पानवाल्याला, मग एका रिक्षावाल्याला. दवाखान्याच्या फाटकापाशी पोचले तेव्हा मुलगी दारात रस्त्याकडे पाहत उभी होती आणि यादीतल्या पुढच्या मुलीचे वडील पिशवी घेऊन पुढे झाले होते. मेट्रनबाई म्हणत होत्या, "हिचं कोणी आलं नाही?" मी फाटकातूनच ओरडले, "ठेवतो! ठेवतो आम्ही!"

"बाई, आधी आत तर या," मेट्रनबाई म्हणाल्या. झाडाखालचे लोक हसले. मुलगी हसली नाही. तिने माझा हात धरला तो गाडीत बसेपर्यंत सोडला नाही.

घरी पोचल्यावर तिच्या बाबांनी माझ्याकडे न पाहता मुलीला विचारलं, "हो कोण म्हणालं तिथी?"

"माय."

"ही?"

"फाटकापासून ओरडली, बाबा. साऱ्यांनी ऐकलं."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कंदील घेऊन धानाच्या बांधीकडे निघून गेले. मी चूल पेटवली, पण भात शिजेपर्यंत कंदील परत येताना दिसतो का पाहायला तीनदा दारात जाऊन आले.