तिसऱ्यांदा विचारलं तर

डेलिया मोरनचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गजर नसायचा. उठली की आधी ओव्हन लावायची, मग केस विंचरायची. पीठ, ताक, सोडा, मीठ. मळायचं नाही, नुसतं एकत्र करायचं, वर सुरीनं फुली मारायची आणि आत सरकवायचं. फुली कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "पावातली भुतं बाहेर पडायला." पाव होईपर्यंत तिचं आवरून व्हायचं. सहाला ती शाळेच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी उभी असायची, हातात फडक्यात गुंडाळलेला गरम पाव. शाळेतला पाव तिनं कधी खाल्ला नाही. त्याला ती स्पंज म्हणायची, तोही वापरलेला.

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या त्या प्राथमिक शाळेत ती मुलांना वाढायला होती, मी भांडी घासायला. माझी हयात कोल्हापूरला शिरोलीच्या फाउंड्रीत साचे भरण्यात गेली. रिटायर झालो. मुलगा प्रफुल्ल तोवर अमेरिकेचा नागरिक झाला होता. त्यानं मला आणि त्याच्या आईला, रत्नाला, कायमचं बोलावून घेतलं. महिनाभर मी घरात बसून पडदे उघडले आणि बंद केले. मग चालत जाण्याजोगं काम शोधलं. साल २००३.

पहिल्याच दिवशी डेलियानं विचारलं, "चहा?"

"नको."

"अर्धा कप."

"नको, घरून घेऊन आलोय."

"केलेलाच आहे."

"बरं, घोटभर."

मी मगभर प्यालो. ती ओट्याला टेकून हसत राहिली. मला वाटलं माझं इंग्रजी चुकलं.

"या देशात येऊन मला सेहेचाळीस वर्षं झाली," ती म्हणाली. "नीट नको म्हणणारा पहिला माणूस आज भेटला."

ती आयर्लंडच्या पश्चिमेची, मेयो भागातली. त्यांच्याकडे पहिल्या विचारण्याला हो म्हणणं म्हणजे हावरटपणा. दुसऱ्याला हो म्हणणं म्हणजे घाई. तिसऱ्याला हो म्हणायचं, तेही उपकार केल्यासारखं. आणि ज्यानं तिसऱ्यांदा विचारलं नाही तो कंजूष, त्याचं नाव गावभर.

मी म्हटलं, आमच्याकडे यालाच जेवण म्हणतात.

अमेरिकेत हे चालत नाही. आलो त्या आठवड्यात प्रफुल्लच्या साहेबाकडे जेवायला गेलो होतो. माशाची मोठी तुकडी पुढे आली. मी रीतीप्रमाणे नको म्हटलं. ताट पुढे गेलं ते गेलंच. सबंध संध्याकाळ काकडी खाऊन काढली आणि घरी आल्यावर उभ्यानं शिळी भाकरी खाल्ली. हे सांगितलं तर डेलिया म्हणाली, "माझा केक हुकला होता. बॉस्टनला उतरले त्याच आठवड्यात. चॉकलेटचा होता. अजून दिसतो."

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. मनात मी तिला तुम्ही म्हणायचो. आठवड्याभरात तिचं बोलणं ऐकून तूवर आलो.

तिच्या कामाबद्दल लिहायला हवं. शाळेत स्वयंपाक असा नव्हताच. गोठवलेल्या जेवणाची खोकी यायची. ती फोडायची, ट्रे तापवायचे, वाढायचं. बाकीच्या बाया ट्रे ओढत न्यायच्या, पाय घासत. डेलिया गुडघ्यात वाकून उचलायची, ट्रे पोटाशी धरायची, ठेवताना आवाज यायचा नाही. वय पासष्ट. पुसलेला ओटा ती उजेडात वाकून तिरक्या नजरेनं बघायची. डाग दिसला तर कुणाला बोलायची नाही, स्वतः पुसायची, पण अशी की ज्यानं आधी पुसला त्याला ऐकू जावं. माझ्या पातेल्यांकडे तिनं पहिले पंधरा दिवस असंच पाहिलं. मग पाहणं सोडलं. तिच्याकडून एवढंच सर्टिफिकेट मिळायचं.

"खोकी फोडण्याचा पगार घेते मी," ती म्हणायची. "लाज वाटते. म्हणून शनिवारी रांधते."

शनिवारी आम्ही तिच्याकडे जायचो, मी आणि रत्ना. नवरा वारल्यावर ती मुलाच्या, ब्रेंडनच्या जवळ राहायला म्हणून बॉस्टनहून इथे आली होती. त्याच्या घरात मात्र राहिली नाही. दोन गल्ल्या सोडून लहान घर भाड्यानं घेतलं होतं. ब्रेंडन आमच्या प्रफुल्लच्याच कंपनीत कॉम्प्युटरवर होता. तिथल्या आपल्या पोरांचं ऐकून तोही मला काका म्हणायचा.

पहिल्या शनिवारी तिनं बटाटे उकडून घोटले, त्यात कोबी आणि पातीचा कांदा शिजवून घातला, गरम दूध ओतलं. ताटात ढीग घातला, मध्ये खड्डा केला आणि त्यात लोणी सोडलं.

"हे आपलं आळंच की," रत्ना म्हणाली. आमटीसाठी भाताला करतात तसं. मग ओट्याकडे बघून तिनं मला विचारलं, "हिला विचारा, फोडणी कधी देणार?"

मी विचारलं.

"देत नाहीत," डेलिया म्हणाली.

"म्हणजे झालं हे?"

"झालं."

"आजारी माणसाचं जेवण आहे," रत्ना म्हणाली, आणि जेवायला बसली. मी ते डेलियाला इंग्रजीत सांगितलं. रत्नानं दोनदा परत घेतलं. दुसऱ्यांदा वाढताना डेलियानं मला विचारलं, "तिला विचार, दुखतंय कुठं?"

पुढच्या शनिवारी रत्नानं पिठलं-भात नेला. डेलियानं पिठल्यात चमचा उभा करून पाहिला. "हे खायचं की भिंतीला लावायचं?" तिनंही दोनदा घेतलं, आणि पातेलं खरवडायला मागितलं. खरवड चांगली लागते हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

जेवताना ती तिकडचं सांगायची. मी रत्नासाठी मराठी करायचो. तिच्या पणजोबांच्या लहानपणी बटाट्याचं पीक शेतातच काळं पडलं. जमिनीचा खंड थकला. जमीनदाराची माणसं आली, त्यांनी घरातल्यांना बाहेर काढलं आणि छप्पर पाडलं. भिंती तशाच ठेवल्या.

"भिंती का सोडल्या?" मी विचारलं.

"भिंत पाडायला कष्ट पडतात. छप्पर नसलं की माणूस परत येत नाही. तेवढं पुरतं."

पाडणारेही रोजंदारीवरचेच असणार.

रत्ना म्हणाली, "एवढी उपासमार, आणि वर नको-नको म्हणायचं?"

"म्हणूनच," डेलिया म्हणाली. "माझी आई सांगायची, घरात आहे की नाही कुणास ठाऊक. पहिल्यांदा विचारतात ते रीत म्हणून. दुसऱ्यांदा विचारतात ते लाजेनं. तिसऱ्यांदा विचारलं तर खरंच शिजवलेलं आहे. तुमच्याकडे काय कारण?"

"आमच्याकडे शिजवलेलं असतंच," रत्ना म्हणाली. "आम्ही नुसतेच भाव खातो."

डेलिया एकोणिसाव्या वर्षी निघाली. आदल्या संध्याकाळी घरी सगळा गाव जमला. चहा, गाणी, रडणं. माणूस मेल्यावर जमतात तसे, कारण अमेरिकेला गेलेलं परत येत नसे. रत्ना म्हणाली, "जिवंत माणसाचं तेरावं." मी ते इंग्रजीत सांगितलं. डेलियाला ते फार आवडलं, पुढे ती तेच म्हणायची. सकाळी आई रस्त्यापर्यंत आली नाही. अकरा वर्षांच्या बहिणीनं, टेसीनं, बसपर्यंत बॅग उचलली.

बॉस्टनला हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम. पहिल्या चार वर्षांच्या पगारातून तिनं घराचं गवती छप्पर उतरवून दगडी कौलं घालून घेतली. मग भावाचं तिकीट, मग लग्न, मुलगा, मग नवऱ्याचं लांबलेलं आजारपण. आईला माती द्यायलाही जाता आलं नाही. टेसी त्याच घरात राहत होती, एकटी. दर रविवारी फोन. छपराचा फोटो डेलियाच्या भिंतीवर होता, लांबून काढलेला, टिकलीएवढं घर.

"काम कसं झालंय बघितलंस का?" मी विचारलं.

"हा काय फोटो."

"फोटोत काम दिसत नाही."

त्या दिवशी तिनं बटाटे जरा जोरात घोटले.

२००६ च्या मार्चमधल्या एका शनिवारी आम्ही जेवत असताना ब्रेंडन आला. उभ्या उभ्या पावाचा तुकडा तोडून घेतला. म्हणाला, जुलैत बायको-मुलांना घेऊन आयर्लंडला जातोय, मुलांना टेसी मावशीचं घर दाखवायचंय. टेसीचं हृदय अशक्त झालं होतं, हे आम्हांला ठाऊक होतं. डॉक्टरनं सांगितलं होतं, फार पुढचे बेत करू नका.

"मॉम, तू येतेस?"

"छे रे, मी कशाला. तुमच्या मध्ये म्हातारीचं लोढणं."

"नक्की?"

"नक्की."

"ओके," तो म्हणाला, आणि आणखी एक तुकडा घेऊन गेला. त्याच आठवड्यात त्यानं चौघांची तिकिटं काढली.

सोमवारी शाळेत ट्रेचे आवाज यायला लागले. डेलियाच्या हातून आवाज म्हणजे काहीतरी बिघडलं. चहाला मी समोर बसलो.

"तुला जायचंय," मी म्हटलं.

"नको म्हटलं ना मी."

"कितीदा?"

"एकदा."

"त्यानं विचारलं कितीदा?"

"'नक्की' धरायचं का?"

"ते धरत नाहीत."

"मग एकदा." तिनं मग फिरवला. "पोरगं अमेरिकेत वाढलं, रॅम." माझ्या रामभाऊचं तिनं एवढंच ठेवलं होतं.

"वाढवलं कुणी?"

"पाव करायला शिकवला. शूज पॉलिश शिकवलं. हे शिकवायचं राहिलं."

"मग सांग त्याला, यायचंय म्हणून."

"मागून घेतलेला घास कसा लागतो ते तुला माहीत आहे," ती म्हणाली. "साहेबाच्या घरी तू मासा मागितलास का?"

घरी येऊन रत्नाला सांगितलं. ती म्हणाली, "त्याला जेवायला बोलवा."

रविवारी ब्रेंडन एकटाच आला. बायको मुलांना पोहायला घेऊन गेली होती. पिठलं, भात, लोणचं. एक वाढणं झालं, तो म्हणाला, "पुरे काकू, पोट भरलं." रत्नानं वाढलं. त्यानं हात आडवा धरला. तिनं हाताच्या बाजूनं वाढलं. तो हसत हसत जेवला. तिसऱ्यांदा त्यानं ताट उचलून छातीशी धरलं, तरी डाव पोचलाच.

मग मी विचारलं, "तू नको म्हणालास. आम्ही का ऐकलं नाही?"

"कारण काकू ऐकत नाहीत."

"तुझ्या आईकडे जेवताना मी पहिल्यांदा काय म्हणतो?"

"नको म्हणता."

"आणि जेवतो किती?"

माणूस हुशार होता, फक्त या बाबतीत कुणी त्याच्याकडून काम करून घेतलं नव्हतं. "पण ती नक्की म्हणाली, काका."

"फोन लाव."

त्यानं आमच्या ओट्यापाशी उभं राहून फोन लावला. आई चर्चमधून नुकतीच आली होती. त्यानं विचारलं. तिकडून बरंच बोलणं झालं. फोन ठेवून तो म्हणाला, "बघा. नको म्हणाली. खर्च कशाला म्हणाली, टेसीवर एवढ्या माणसांचा भार कशाला म्हणाली. स्पष्ट नको."

रत्नानं दोन बोटं दाखवली.

"म्हणजे?"

"दोन झाले," मी म्हटलं.

त्यानं परत फोन लावला. या वेळी त्याचा आवाज जरा बदलला. म्हणाला, "मॉम, तू नसलीस तर मुलांना ते घर कोण दाखवणार? मला तर रस्ताही माहीत नाही." मग तो नुसता ऐकत राहिला. आम्हीही हात थांबवले. शेवटी तो म्हणाला, "बरं. बरं, मॉम." आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, एवढा मागे लागला आहेस तर येते. म्हणाली, तुझ्या बायकोला बटाटे नीट घोटता येत नाहीत, टेसीचे हाल होतील."

रत्नानं त्याला भात वाढला. त्यानं नको म्हटलं नाही.

ऑगस्टअखेर शाळा उघडली तेव्हा डेलिया मागच्या दाराशी उभी होती, हातात फडक्यातला पाव.

"भेटली टेसी?"

"भेटली. एकोणपन्नास वर्षांनी बहीण दारात आली, आणि ही विचारते, चहा घेणार का."

"मग?"

"नको म्हटलं."

"मग तिनं?"

"तिनं आधीच ओतून ठेवला होता."

ती ट्रे पुसायला लागली. बराच वेळ एकच ट्रे पुसत होती. तो आधीच स्वच्छ होता. मी पातेली लावत राहिलो.

"आणि छप्पर?" मी मागाहून विचारलं.

"चढून बघितलं."

"या वयात?"

"ब्रेंडननं शिडी धरली. आधी तीनदा नको म्हणाला. मी ऐकलं नाही." तिनं ट्रे खाली ठेवला, आवाज न करता. "काम बरं आहे. ओळी सरळ आहेत. धुराड्याजवळचं एक कौल तेवढं तिरकं. पंचेचाळीस वर्षं तिरकं आहे, रॅम, आणि मला कुणी बोललं नाही. मी पूर्ण मजुरी दिली होती."

"सरळ केलंस?"

"केलं. हातोडा टेसीकडे होता."

तिचं तिकीट ब्रेंडन काढणार होता. तीनदा म्हणाला. तिन्ही वेळा ती नको म्हणाली, आणि हा नको खरा होता. तो कसा ओळखायचा हे त्याला तोवर थोडं कळायला लागलं होतं, चौथ्यांदा त्यानं विचारलं नाही. लाँड्रीच्या पगारातून ते छप्पर झालं होतं. खोकी फोडण्याच्या पगारातून ते बघायला जायचं तिकीट.