सुजातेच्या चित्राखालची ओळ

बोईसरच्या केमिकल कंपनीत लॅबमध्ये असताना मला बौद्ध धर्मावरच्या जुन्या सचित्र पुस्तकांचं वेड लागलं. वाचायचं नव्हे, जमवायचं. कपाटातलं एकही पुस्तक मी शेवटापर्यंत वाचलं नव्हतं, पण पुठ्ठ्यावर धूळ म्हणून बसू दिली नाही.

प्लांटवरचा एक ऑपरेटर, मूळचा मराठवाड्यातला, कुंभवलीला खोली घेऊन राहायचा. त्याच्याकडे वडिलांमागे राहिलेलं बुद्धचरित्राचं जुनं इंग्रजी पुस्तक होतं. रंगीत चित्रं, प्रत्येकावर पातळ कागदाचा पदर. शिवण मात्र पार सुटलेली. मी म्हणालो, "वैशाखी पौर्णिमेच्या आत असं नवं करून देतो, की ओळखणार नाहीस!"

हा शब्द मी तंतोतंत पाळला.

"बाबाचं हाय, साहेब. जपून," एवढंच तो म्हणाला.

चित्रांखाली पेन्सिलीने मराठीत गिचमिड लिहिलेलं होतं. संग्राहकाला कोरं पान प्यारं. दोन रविवार मी खोडरबर घेऊन बसलो. मग पालघरच्या बाइंडरकडून कापडी पाठ लावून घेतली आणि शाबासकी घ्यायला पौर्णिमेलाच कुंभवलीला हजर झालो.

त्याची आई भिंतीला टेकून बसली होती. "वाच रं," ती म्हणाली.

तिला अक्षरओळख नव्हती. त्याच्या बाबांना मराठी लिहिता-वाचता येई, इंग्रजी नाही. म्हणून चित्र बघून, मनाला येईल ते ते खाली लिहीत आणि दर पौर्णिमेला बायकोला वाचून दाखवत. ते गेल्यावरची ही पहिली पौर्णिमा. हे सगळं मला तिथे, चहाचा कप हातात असताना कळलं.

त्याने एक पान उलटलं. दुसरं. तिसरं.

"बायंडिंग चांगलं झालंय, साहेब."

"आरं, पण ह्यांचं कुठाय?" आईने विचारलं.

माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "साहेब, काय लिवलं व्हतं, आठवतं का काही?"

एकच ओळ आठवत होती. खोडताना तिला हसलो होतो म्हणून. खीर देणाऱ्या सुजातेच्या चित्राखाली होती: 'या बाईने भुकेल्याला जात विचारली नाही.'

त्याने पेन्सिल दिली. मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं. म्हातारीने त्यावरून सावकाश बोट फिरवलं.

"ह्यांची वळ खाली उतरायची," ती म्हणाली. "ही सरळ हाय."