अकरा आकडे

कॅमेऱ्यावर लाल फुली मारलेली पाटी दिसली की मला दोह्याच्या सूक वाकिफ या जुन्या बाजारातली एक शुक्रवारची संध्याकाळ आठवते. दुकानांसमोर वेलदोड्यांची आणि सुक्या लिंबांची पोती उघडी होती, त्यांचा आंबूस वास सगळ्या गल्लीत भरला होता, आणि ओळखपत्रं तपासणाऱ्या पोलिसाने माझ्या बाबांना थांबवलं. बाबा रास लफानच्या गॅस प्रकल्पात फिटर आहेत. त्यांचं ओळखपत्राचं कार्ड कामाच्या कपड्यांतच राहिलं होतं. आता त्यांना ठाण्यावर नेतील, या भीतीने मी मोबाईल वर धरला. मैत्रिणीने पाठवलेल्या कुठल्याशा परदेशी व्हिडिओत सांगितलं होतं, की पोलिसांचं शूटिंग करणं हा आपला हक्क आहे. "नो व्हिडिओ!" पोलीस ओरडला. बाबा त्याहून मोठ्याने म्हणाले, "अगं ए शहाणे, इथे गुन्हा आहे तो! ठेव आत!" मी पोलिसासमोरच व्हिडिओ पुसून टाकला. मग कापऱ्या आवाजात इंग्रजीत विचारलं, "सर, मी त्यांच्या कार्डाचा नंबर सांगू?" घरातले सगळे फॉर्म मीच भरते, त्यामुळे अकराही आकडे एका दमात म्हणून दाखवले. त्याने ते यंत्रात टाकले आणि बाबांचा फोटो उमटला. "खलास, यल्ला," म्हणजे झालं, निघा, असं तो म्हणाला, "पण कार्ड जवळ ठेवा." चालता चालता बाबा हसले, "पाढे असे कधी म्हटले नाहीस गं!" आता कॉलेजात नवी आलेली मुलं विचारतात, की पोलिसांनी अडवलं तर काय करायचं, तेव्हा मी सांगते: इथे कॅमेरा काढू नका, नम्रपणे विचारायला मात्र कुणाची बंदी नाही, आवाज कापत असला तरी विचारा.