दीड बोट बाहेर गेलेली भिंत

ओळंबा मिस्त्रीने बांधलेली भिंत दीड बोट बाहेर झुकली, आणि ते पहिल्यांदा कुणाच्या लक्षात यावं, तर चहा घेऊन आलेल्या वॉचमनच्या! भिंती ओळंब्याच्या दोरीसारख्या सरळसोट म्हणूनच तर साइटवर त्याचं नाव 'ओळंबा' पडलेलं. इंजिनिअर साहेबांनी दोरी सोडून पाहिली आणि नुसतं "हं" म्हणाले. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

खरी गोम मिस्त्रीला ठाऊक होती. वर्षभर त्याला ओळंब्याची दोरी धूसर दिसत होती. बायको त्याच्याच हाताखाली बिगारी. घमेलं उतरवता उतरवता ती हळूच म्हणायची, "अहो, जरा आत घ्या." लोकांना वाटायचं, बायकोची कटकट, बिचाऱ्याची कामावरही सुटका नाही! मिस्त्री वीट आत सरकवायचा, भिंत सरळ व्हायची.

मग कंपनीने बिगाऱ्यांना गवंडीकाम शिकवायचा वर्ग काढला. पास होईल त्याला मिस्त्रीचं कार्ड, मिस्त्रीची मजुरी. साहेब नावं लिहीत होते, तेव्हा बायको हात पुसत पुढे आली. मिस्त्रीने मनात हिशोब केला. ही थापी धरून उभी राहिली, तर आपल्या भिंतींमागची नजर कुणाची, हे उघडं पडणार.

"हिचं नाव कशाला, साहेब? हिला दोनच कामं येतात. घमेलं उचलणं आणि माझं डोकं खाणं."

तिथे बसलेले, स्लॅबच्या फळ्या ठोकणारे चौघे सेंटरिंगवाले खो खो हसले. ती हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून खाली वाळू चाळायला निघून गेली, आणि वर मिस्त्रीने एकट्याने ही भिंत चढवली.

"पाडा," म्हणून साहेब वळले. मिस्त्री मान खाली घालून म्हणाला, "साहेब, यादीत हिचं नाव घ्या. मला नीट दिसत नाही. वर्षभर भिंतींवर नजर हिचीच होती."

"मग परवा थट्टा कसली केलीत?"

मिस्त्रीने हातोडा उचलला आणि भिंतीचा वरचा थर पाडायला घेतला.

नाव लागलं. मिस्त्रीला डोळे तपासून यायचा हुकूम सुटला. घरी ताट पुढे सरकवत बायको म्हणाली, "साहेबांना सांगितलंत, बरं झालं. पण हसले होते ते चौघे."

"त्यांनाही सांगतो. उद्या."

वर्गाला तीन आठवडे झाले. चौघे रोज समोर बसून डबा खातात. मिस्त्री रोज घसा खाकरतो, आणि काडेपेटी मागतो.